आंब्यावरचा करपा प्लेटमध्ये आणताना: लॅबमधल्या नोंदी

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात उन्हाळी प्रकल्प म्हणून हे काम केलं. तिसऱ्या वर्षाच्या तीन मुली, लॅबचे मामा आणि मी. बुरशी फळात नेमकी कशी शिरते ते स्वतःच्या डोळ्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहायचं, आणि शिरायला लागणारी ताकद ती कुठून आणते त्याचा जमेल तेवढा माग काढायचा, एवढंच ठरवलं होतं. माणसाला होणाऱ्या बुरशींवर काम करायची सोय आमच्याकडे नाही आणि ती नसताना कुणी करूही नये. म्हणून आंबा, आणि त्यावर काळे डाग पाडणारा करपा हा बुरशीचा रोग. ज्यांना हेच करून बघायचंय त्यांच्यासाठी तारखेवार लिहिते आहे.

६ मे

सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भे, तिथून एपीएमसीचा फळबाजार. हापूस भरात असल्यामुळे डागी मालाला तोटा नव्हता, पण तो मागायचा कसा हा प्रश्न होता. "ताई, चांगली पेटी सोडून डागीच कशाला?" गाळ्यावरच्या माणसाने दोनदा विचारलं आणि शेवटी फुकटच दिला. चांगला हापूस मात्र विकत घ्यावा लागला, तो पुढे लागण करून बघण्यासाठी.

डागी आंबा म्हणजे करपाच असं नाही. देठाकडून सुरू होऊन खाली पसरत जाते ती देठकूज, तिच्या बुरशा वेगळ्या. आम्हाला हवे होते फळाच्या अंगावरचे काळे, किंचित खोलगट, वाढत वाढत एकमेकांत मिसळणारे डाग. दोन-तीन फळांवर बारीक ठिपके देठापासून खाली ओघळल्यासारखे रांगेत होते. ती फळं मुद्दाम घेतली. दवाचं किंवा पावसाचं पाणी वरच्या फांदीवरचे बीजाणू घेऊन फळावरून ज्या वाटेने ओघळतं, त्या वाटेवर हे ठिपके उमटतात. या बुरशीचे बीजाणू चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. त्यांना पाण्याचा थेंबच लागतो.

फळं झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूवर ठेवली. दोन दिवसांत डागांवर बीजाणूंचे गुलाबी-नारिंगी ठिबके आले. इथे अर्धी ओळख पटते.

९ मे

बुरशी वाढवायचं माध्यम. बटाटा-डेक्सट्रोज-अगर, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचं उकळून गाळलेलं पाणी, २० ग्रॅम ग्लुकोज, १५ ते २० ग्रॅम अगर. लॅबच्या ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायच्या भांड्याचं, रबर गेलेलं, सुट्टीत दुरुस्तीला कुणी येईना. मामांनी कँटीनमधला मोठा कुकर आणला. साध्या कुकरच्या शिट्टीचं वजन चौरस इंचाला साधारण १५ पौंडाच्या दाबाला उचललं जातं, आत १२१ अंशांच्या आसपास तापमान येतं. मंद आचेवर २० मिनिटं पुरतात. कुकर थंड व्हायची वाट बघावी, वजन उचलून वाफ सोडली की फ्लास्कमधलं माध्यम उसळून बोळ्यापर्यंत येतं.

पहिला पूर्ण लिटर वाया गेला. बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून माध्यमात लॅक्टिक ॲसिड घालतात. ते कुकरमध्ये लावण्याआधीच घातलं गेलं. आम्लात तापवलं की अगर तुटतो, मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी तो घट्ट होत नाही. प्लेटा ओतून सकाळी पाहिलं तर खीर. ॲसिड नेहमी शेवटी, माध्यम हाताला सोसेल इतकं निवल्यावर, म्हणजे ५० अंशांच्या आसपास घालायचं.

खर्च वाचवायला दुसऱ्या लिटरला किराणा दुकानातलं चायना ग्रास वापरलं. अगरच तो, पण पाकिटागणिक घट्टपणा बदलतो आणि माध्यम गढूळ दिसतं. नुसती बुरशी वाढवायला चालेल, मायक्रोस्कोपखाली थेट बघायला नाही. शेवटी लॅबचा अगर आणलाच.

१३ मे

सगळ्या प्लेटांवर पांढरा कापूस, त्यावर काळे टिपके, झाकणाला टेकलेला. रायझोपस, शिळ्या पावावर येतो तो बुरा. दोन दिवसांत ९ सेंटिमीटरची प्लेट भरून टाकतो, त्याच्याखाली दुसरं काही असलं तरी सापडत नाही.

प्लेटांवर ठेवलेले फळाचे तुकडे डागाच्या मधल्या मऊ भागातून घेतले होते, तिथे आधीच मेलेल्या गरावर जगणाऱ्यांची गर्दी असते. तुकडा डागाच्या कडेवरून घ्यायचा, जिथे काळी साल संपून पिवळी सुरू होते, दोन्ही बाजू थोड्या थोड्या येतील असा. खरा रोगकर्ता त्या सीमेवर पुढे सरकत असतो आणि तिथे अजून एकटा असतो. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, निर्जंतुक पाण्यात तीनदा खळबळून टिश्यूवर कोरडा. कोरडा करणं महत्त्वाचं, ओल्या तुकड्याभोवती बॅक्टेरियाचं तळं होतं.

रायझोपस म्हटल्यावर मुली दचकल्या. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे याच गटातल्या बुरशींनी होणाऱ्या 'काळ्या बुरशी'च्या रोगाचे, रुग्ण पाहिलेली घरं आहेत. घाबरण्याऐवजी समजून घ्यावं म्हणून एक प्लेट टेपने बंद ठेवूनच खालून पाहिली. रायझोपसच्या तंतूंत आडव्या भिंती जवळजवळ नसतातच, एकच लांब नळी, म्हणून आतला माल झपाट्याने पुढे वाहतो आणि वाढ इतकी वेगवान. याच कुळातल्या काही जाती माणसात नाकावाटे शिरतात, पण निरोगी शरीर त्यांचे बीजाणू रोज निस्तरतं. बेताल मधुमेह, स्टेरॉइडचा मोठा डोस, खचलेली प्रतिकारशक्ती, असं काही असेल तर तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात. भिंत फोडायचं खास हत्यार रायझोपसकडे नाही. फळातही तो जखमेतूनच जातो. करप्याची गोष्ट वेगळी आहे, आणि म्हणूनच करपा निवडला.

प्लेटा न उघडता कुकरमध्ये अर्धा तास, मग कचऱ्यात. हा नियम शेवटपर्यंत.

२० मे

कडेवरच्या तुकड्यांतून हवी ती आली. आधी पांढरी, मग मधून राखाडी होत जाणारी, मखमली. २७-२८ अंशांना दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर सरकते. एसी नसलेल्या लॅबमध्ये ३३ अंशांना वाढ मंदावली, तेव्हा प्लेटा तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये हलवल्या. अंधारात बीजाणू कमी आले, ट्यूबलाइटखाली ठेवल्यावर नारिंगी ठिबके भरपूर.

मायक्रोस्कोपखाली बीजाणू रंगहीन, दोन्ही टोकांना गोलसर, लांबी १५ मायक्रॉनच्या आसपास. कोलेटोट्रायकम. पुढचं नाव लिहायला मुली उत्सुक होत्या, पुस्तकात 'ग्लिओस्पोरिऑइडिस' असतं म्हणून. पण त्या एका नावाखाली एकमेकांसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच प्रजाती आहेत, त्या डीएनए पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. वहीत 'कोलेटोट्रायकम, आंबा, तुर्भे' एवढंच लिहिलं.

चष्मा घालून काम करा. शेतात डोळ्याला काडी लागून कोलेटोट्रायकममुळे बुबुळाला संसर्ग झाल्याच्या घटना भारतात नोंदल्या आहेत.

२६ मे

आता खरं काम, बीजाणू उगवताना बघणं. माध्यमाच्या पातळ थरावर थेंब टाकला. उगवले छान, लांब तंतू निघाले, फांद्या फुटल्या. पण पुस्तकातल्या आकृतीत असतो तो काळा गोळा, ॲप्रेसोरियम, म्हणजे फळात शिरायला बुरशी अंकुराच्या टोकाला बांधते तो अवयव, एकही नाही. दोन दिवस थांबलो, तरी नुसतं जाळं.

कारण आता स्वच्छ दिसतं. खाली मऊ आणि पोटभर अन्न असताना बुरशीला कुठे शिरायचं पडलेलंच नाही. हल्ल्याची तयारी ती तेव्हाच करते जेव्हा खाली कडक पृष्ठभाग असतो आणि आजूबाजूला खायला काही नसतं. म्हणजे साधं पाणी आणि कठीण जागा.

काचेच्या स्लाइडवर साध्या पाण्यात टाकले. अंकुर थोडे आले, पण रंग द्यायला पाणी काढलं की सगळे वाहून गेले. स्वच्छ काच पाण्याला धरते, बीजाणूला धरत नाही. प्लॅस्टिकची पेट्री प्लेट, पॉलिस्टायरीनची, तिच्या तळावर थेंब टाकले तर बीजाणू चिकटून बसले. आंब्याच्या सालीवरच्या मेणासारखं पॉलिस्टायरीनही पाणी झटकतं. वापरलेल्या प्लेटा धुऊन घेऊ नका, साबणाचा अंश राहिला की चिकटणं बिघडतं. नवीन प्लेट आम्हाला दहा रुपयांच्या आत पडली.

२९ मे

प्लॅस्टिकवरही उगवेनात. थेंब दुधाळ दिसेल इतके बीजाणू घातले होते, जास्त घातले तर जास्त दिसतील या हिशेबाने. शंभरात दोन-चार उगवले.

इथे बरेच जण अडकतात म्हणून सविस्तर. या बुरशीचे बीजाणू गर्दीत असताना एकमेकांना उगवू देत नाहीत. ते स्वतःच एक उगवण रोखणारं द्रव्य सोडतात, ग्लिओस्पोरोन असं त्याचं नाव. बुरशीच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे. डागावरच्या चिकट ठिबक्यात सगळे एकदम उगवले तर तिथेच मरतील. पावसाने धुऊन पातळ होऊन दुसऱ्या फळावर पडल्यावर उगवण्यात अर्थ आहे.

उपाय: बीजाणू निर्जंतुक पाण्यात हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायचे, वरचं पाणी टाकायचं, असं दोनदा. मग रक्तपेशी मोजायच्या काचेवर, हिमोसायटोमीटरवर, मोजून मिलिलिटरला एक लाखापर्यंत पातळ करायचे. सेंट्रिफ्यूज नसेल तर अरुंद नळीत तासभर उभं ठेवून खाली बसू द्या, वेळ लागतो पण जमतं.

३० मे

जमलं.

सकाळी आठला थेंब टाकले, प्लेट ओल्या टिश्यूच्या डब्यात. दुपारी अंकुर फुटलेले दिसू लागले. ते लांब जात नाहीत, बीजाणूच्या एक-दोन लांबीएवढेच. टोक फुगतं, त्याच्या आणि अंकुराच्या मध्ये भिंत पडते, संध्याकाळपर्यंत ते पिवळसर, दुसऱ्या दिवशी सकाळी गडद तपकिरी, जवळजवळ काळं. कडा थोडी वेडीवाकडी. मागे राहिलेला बीजाणू रिकामी पिशवी.

एकीने विचारलं, "मॅडम, पाण्यात तर खायला काहीच नाही, मग एवढं बांधलं कशातून?"

याचं उत्तर बघता येतं. बीजाणूत ग्लायकोजेन आणि तेलाचे थेंब भरलेले असतात. सुदान-३ या रंगाने तेल नारिंगी होतं. वेगवेगळ्या तासांना रंग देत गेलो. आधी तेलाचे थेंब बीजाणूत, मग अंकुरात, मग ॲप्रेसोरियममध्ये जमलेले, आणि काही तासांनी तिथूनही नाहीसे. थेंब फार बारीक असतात, स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवून वापरायचं १०० एक्स भिंग लागतं, त्यातही दहातून सहा स्लाइड धूसर. सकाळी सहाला लॅब उघडायला मामा तयार झाले नसते तर ही मालिका झाली नसती.

नाहीसं झालेलं ते तेल जातं कुठे याचा सर्वांत चांगला अभ्यास भाताच्या करप्याच्या बुरशीवर झाला आहे, मॅग्नापोर्थेवर. तिच्या ॲप्रेसोरियममध्ये साठा मोडून ग्लिसरॉल तयार होतं आणि साचतं. ग्लिसरॉल पाणी आत ओढतं, बाहेरची भिंत मेलॅनिनने काळी झालेली असल्यामुळे ग्लिसरॉल बाहेर गळत नाही, आणि दाब चढत जातो. १९९१ मध्ये मोजलेला आकडा ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे सुमारे ८० बार. आमचा कँटीनचा कुकर शिट्टी देतो तो एक बारला. त्याच्या ८० पट दाब मायक्रॉनमध्ये मोजायच्या गोळ्यात, आणि सगळा जोर तळातल्या एका सुईएवढ्याही नसलेल्या जागेतून खाली. कोलेटोट्रायकमच्या जातींतही हीच रीत आहे, वर जोडीला मेण आणि भिंत विरघळवणारी एन्झाइम्स.

मामांनी भिंगातून बघून एवढंच म्हटलं, "शिट्टी कुठे आहे याला?" नाही हेच तर.

५ जून

चांगल्या हापूसवर लागण. काहींवर बीजाणूंचे थेंब, काहींवर नुसत्या निर्जंतुक पाण्याचे. सहाव्या-सातव्या दिवशी दोन्हींवर डाग आले, पाणीवाल्यांवर दोन ठिकाणी तर थेंब ठेवला नव्हता तिथे.

प्रयोग बाद, पण यातच करप्याचा स्वभाव उघड होतो. फळ कोकणातल्या बागेत लहान आणि हिरवं असतानाच बुरशी सालीत शिरलेली असते, मग थांबते. हिरव्या आंब्याच्या सालीत बुरशीला मारक अशी रिसॉर्सिनॉल गटातली द्रव्यं असतात. फळ पिकताना ती कमी होतात आणि बुरशी पुन्हा चालू लागते. बाजारात डाग नसलेला आंबा घरी आणल्यावर चौथ्या दिवशी डागाळतो तो म्हणून. विकणाऱ्याने फसवलेलं नसतं.

बाजारातलं कुठलंही फळ 'निरोगी' धरून चालू नये. आधी आतली बुरशी मारायची, मग आपली लावायची. हापूस तोवर संपत आला होता.

११ जून

फळं येईपर्यंत श्वसन. बटाट्याच्या पातळ माध्यमात बुरशीचा थर वाढवला, बाटलीच्या बुचातून नळी काढून चुन्याच्या निवळीत सोडली. निवळी तासाभरात दुधाळ. उकळून मारलेल्या थराची निवळी स्वच्छ. शाळेचा प्रयोग आहे, पण करा, निवळी स्वस्त आणि खरं बोलणारी.

मग मिथिलिन ब्लू. जिवंत पेशी श्वसन करताना त्याला इलेक्ट्रॉन देतात आणि निळा रंग जातो. थराचे तुकडे भरलेल्या नळीत दुपारपर्यंत खालचं पाणी रंगहीन झालं. मुली खूश. मग मेलेल्या थराची नळी पाहिली, तीही रंगहीन. अर्धा दिवस यात गेला. शेवटी तुकडे बाहेर काढले तर मेलेला थर गडद निळा. मेलेल्या पेशींचं आवरण रंग अडवत नाही, त्या तो शोषूनच घेतात. दोन्ही वेगळ्या ओळखायची युक्ती सोपी: नळी जोरात हलवा. श्वसनाने गेलेला रंग ऑक्सिजन मिसळताच परत येतो. शोषलेला परत येत नाही.

बंद बरणीत व्हिनेगरने ओला केलेला लोखंडी काथ्या ठेवला, तो गंजताना ऑक्सिजन खातो. त्या बरणीतल्या प्लेटची वाढ थांबली. चार दिवसांनी बाहेर काढल्यावर पुन्हा सुरू. मेली नव्हती.

१९ जून

पाऊस लागला आणि लॅबमध्ये माइट्स शिरल्या. प्लेटवर नागमोडी रेघ आणि रेघेवर दुसऱ्याच बुरशीचे ठिपके दिसले तर समजा. डोळ्यांना धुळीच्या कणासारख्या दिसतात, चालताना पायाला बीजाणू लावून प्लेट ते प्लेट हिंडतात. अर्धा संग्रह गेला. टेबल अल्कोहोलने पुसलं, प्लेटांच्या कडा दुहेरी टेपने बंद केल्या, स्टँडचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवले. आधीच मूळ कल्चरचे अगरचे चौकोन निर्जंतुक पाण्याच्या लहान बाटल्यांत बुडवून ठेवले होते म्हणून काम वाचलं. ही साठवण फुकटची आहे, पहिल्याच आठवड्यात करा.

२७ जून

दोन औषधं शेतीच्या दुकानातून आणली. ॲझॉक्सिस्ट्रोबिन बुरशीच्या मायटोकॉन्ड्रियातली इलेक्ट्रॉनची साखळी तिसऱ्या टप्प्यावर तोडतं, म्हणजे ऊर्जाच बंद. ट्रायसायक्लाझोल मेलॅनिन बनू देत नाही, भातावरच्या करप्यासाठी वापरतात.

आधी माध्यमात मिसळून प्लेटवर. लिटरला एक मिलिग्रॅम ॲझॉक्सिस्ट्रोबिन असूनही बुरशी वाढत राहिली, थोडी हळू. ट्रायसायक्लाझोलच्या प्लेटवर तर नेहमीच्या वेगाने, फक्त रंग वेगळा. वहीत 'दोन्ही निरुपयोगी' असं लिहिलं गेलं. बनावट माल असेल अशीही चर्चा झाली.

मग तीच मात्रा साध्या पाण्यातल्या बीजाणूंना, प्लॅस्टिकवर. ॲझॉक्सिस्ट्रोबिनमध्ये जवळजवळ कुणीच उगवलं नाही. म्हणजे आमची बुरशी औषधाला सरावलेलीही नव्हती. ट्रायसायक्लाझोलमध्ये उगवले, गोळेही झाले, पण फिके, रंगहीन. उकळून घेतलेल्या कांद्याच्या आतल्या पापुद्र्यावर हे फिके गोळे नुसते बसून राहिले. काळ्या गोळ्यांखाली मात्र पेशीत उतरलेले तंतू दिसत होते.

प्लेटने फसवलं ते असं. बऱ्याच बुरशींकडे श्वसनाची एक आडवाट असते, अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमची. तिच्यात ऊर्जा कमी मिळते, पण साखर मुबलक असेल तर तेवढ्यावर भागतं. उगवणाऱ्या बीजाणूकडे मोजकी शिदोरी असते, त्याला ही उधळपट्टी परवडत नाही. मेलॅनिनची गरज तर फक्त शिरताना, प्लेटवर शिरायचं कुठे आहे? औषध तपासायचं असेल तर प्लेटवरच्या वर्तुळाचा व्यास मोजून निष्कर्ष काढू नका. विज्ञान प्रदर्शनांतल्या कित्येक प्रकल्पांत हेच केलेलं असतं, आणि मग 'कडुलिंब श्रेष्ठ' ठरतो.

४ जुलै

फळं परत. तुर्भ्याला आता उत्तरेकडचा लंगडा आणि दशहरी. कच्चा, हिरवा लंगडा घेतला.

आतली बुरशी मारायला गरम पाणी: ५२ अंश, १० मिनिटं. बाथरूमच्या गिझरचं पाणी बादलीत घेऊन केलं तर आधी ५८ आणि पाच मिनिटांत ४७. पहिल्या फळांच्या साली तपकिरी भाजल्या. मोठं पातेलं, मंद गॅस, सतत ढवळणं आणि थर्मामीटर फळाच्या उंचीवर धरलेला, असं केल्यावर एक-दोन अंशांत राहिलं. लगेच साध्या पाण्यात गार करायचं. यानंतरच्या पाणीवाल्या फळांत एकाला देठकूज झाली, करपा कुठेच नाही.

८ जुलै

हिरव्या फळांवर, जखम न करता, बीजाणूंचे थेंब. एका गटाला सुईने टोचून. एका गटाच्या खोक्यात इथिलीनची पुडी, पिकवायला व्यापारी वापरतात ती. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे.

तिसऱ्या दिवशी हिरव्या, डागविरहित सालीचा पातळ काप काढून अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये रंग उडेपर्यंत ठेवला, कॉटन ब्लूने रंगवला. सालीवर काळे ॲप्रेसोरियम रांगेत बसलेले. बाहेरून फळ नितळ. हा काप बघायला बाजूच्या रसायनशास्त्राचे लोकही आले.

२१ जुलै

टोचलेल्यांवर चौथ्या दिवशीच डाग, तेही फळ हिरवं असताना. न टोचलेली, पुडी नसलेली फळं पिकेपर्यंत स्वच्छ राहिली, पिवळी पडू लागल्यावर थेंबाच्या जागीच डाग. पुडीवाली आधी पिकली आणि आधी डागाळली. इथिलीनमुळे फळ पिकतं हे एक, शिवाय बुरशी तो वायू स्वतःही ओळखते: १९९४ मध्ये फ्लेशमन आणि कोलट्टुकुडी यांनी दाखवलं की पिकणाऱ्या फळाच्या इथिलीनने कोलेटोट्रायकमचे बीजाणू उगवतात आणि ॲप्रेसोरियम करतात. आमच्या मांडणीत ही दोन कारणं वेगळी होत नाहीत. ज्यांना करायचीयत त्यांनी पुडी प्लॅस्टिकवरच्या थेंबांजवळ ठेवून बघा, फळ मध्ये आणू नका.

डागाखालच्या गराला पीएच कागद लावला. निरोगी गर ४ च्या आसपास, डागाच्या मध्यभागी ६ च्या जवळ. ही बुरशी अमोनिया सोडून ऊतीचा आंबटपणा घालवते, पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन तोडणारं तिचं एन्झाइम त्या पीएचला चालतं. आधी काही काळ जिवंत पेशींत गुपचूप राहून मग ती हे सुरू करते.

२९ जुलै

नव्या डागांच्या कडेवरून पुन्हा प्लेटा. तीच राखाडी मखमल, तेच नारिंगी ठिबके, मापंही तीच. रोग याच बुरशीने होतो हे सिद्ध करायच्या कॉखच्या कसोट्यांतली शेवटची झाली.

एकूण खर्च फळं धरून पाच हजारांच्या आत, त्यात सर्वांत महाग लॅबचा अगर आणि कव्हरस्लिप्स. वाया गेलेला वेळ मुख्यतः तीन जागी: दाट बीजाणू, बाजारातली आधीच लागण झालेली फळं, माइट्स. सगळ्या प्लेटा आणि फळं कुकरमधून काढून टाकली. मामांनी कँटीनला नवा कुकर घ्यायला लावला आहे, जुना आता लॅबचाच. पाण्यातल्या बाटल्या स्टोअरच्या कपाटात वरच्या खणात आहेत, लेबलवर तारीख आहे. ऑक्टोबरात एक उघडून जिवंत आहे का बघायचं, तेव्हा पपईवर लावणार.